विमान परत आलं, पण कुठे?

मागच्या महिन्यात भांडुपला सोसायटीच्या पार्किंगमध्येच आरसी विमानाची बॅटरी जोडली आणि ते तसंच चालू ठेवून मैदानात गेलो. हवेत गेल्यावर 'रिटर्न होम' दाबलं, तर पठ्ठ्या वळला थेट बिल्डिंगकडे! खाली पोरं खेळत होती. जीपीएस मोड बंद केला, हाताने उतरवलं, म्हणून वाचलो.

चूक माझीच. माझ्या विमानाला जीपीएस लॉक जिथे मिळतो, तेच त्याचं 'घर'. जागा ठरवायला किमान ४ उपग्रह लागतात. त्यात इमारतींवर आपटून आलेला सिग्नल जागा चुकवतो.

म्हणून बॅटरी मोकळ्या मैदानातच जोडा. लॉक होईपर्यंत थांबा. आणि मोड बंद करायचं बटण उडवण्याआधी बोटाला पाठ हवं!