घराची अदलाबदल

दहिसरच्या एका पुनर्वसन इमारतीत राहणारा गृहस्थ मानखुर्दला कामाला जातो, असे समजा. दादरला गाडी बदलायची, कुर्ल्याला पुन्हा बदलायची. संध्याकाळी तोच फेरा उलटा. आता मानखुर्दच्या तशाच इमारतीतली एक बाई दहिसरच्या प्रसूतिगृहात आयाचे काम करते, असेही समजा. दोघांच्या खोल्या सरकारी मापाच्या. २२५ चौरस फुटांच्या म्हणा, की नंतरच्या २६९ च्या. फरक काय तो पत्त्याचा. मग या दोघांनी घरे बदलली, तर बिघडले कुठे?

व्यवहाराला बिघडत नाही, कायद्याला बिघडते. झोपडीच्या बदल्यात मिळालेले घर ठराविक मुदतीत दुसऱ्याला देता येत नाही. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात विक्री, बक्षीस आणि भाडे यांच्याच ओळीत अदलाबदलही बसवली आहे. ही मुदत मुळात १० वर्षांची; पुढे ती कमी करण्यात आली. तुमच्या घराला कोणती लागू, ते झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या कचेरीतच विचारा.

पुष्कळजण मग शंभर-पाचशेच्या स्टँपवर आपसांत लिहून घेतात आणि किल्ल्या बदलतात. तसे करू नका. कचेरीच्या दप्तरी नाव जुनेच राहते. उद्या तपासणी झाली, तर दोघांच्याही डोक्यावरचे छप्पर जायचे! मुदत संपल्यावरसुद्धा अदलाबदलीचा दस्त विक्रीसारखाच नोंदवावा लागतो, मुद्रांक भरावा लागतो आणि प्राधिकरणाची परवानगीही लागते.

मुदतीचा हेतू वाईट नाही. मिळालेले घर विकून माणसाने पुन्हा झोपडीत जाऊ नये, एवढाच तो आहे. पण घरे बदलणारा बेघर होतो कुठे? त्याच्याकडे आधी एक घर होते, नंतरही एकच राहते.

इंग्लंडात नगरपालिकांच्या घरांत राहणाऱ्या कायम भाडेकरूंना घरे बदलण्याचा हक्क १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याने दिलेला आहे. मालकाची लेखी संमती लागते. पण नकार द्यायचा तर कायद्यात लिहिलेल्या कारणांसाठीच, आणि तोही ४२ दिवसांच्या आत कळवावा लागतो. तिथले लोक भाडेकरू, इथले घराचे धनी, हा भेद खरा. तरी पद्धत घेण्याजोगी आहे.

कोणी म्हणेल, अदलाबदलीच्या नावाखाली विक्रीच चालेल. शंका रास्त आहे. म्हणून दोघांनी वाटपपत्रे घेऊन समक्ष हजर राहावे, दोन्ही घरांची पाहणी व्हावी, दप्तरी नावे बदलावीत आणि मुदतीची उरलेली वर्षे नव्या घरालाही लागू राहावीत. एवढे केले की विक्रीला वाव उरत नाही.

तोवर तुम्ही एक करा. अशी गरज असेल, तर सोसायटीमार्फत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चोरून बदललेली घरे कोणाच्या हिशेबात येत नाहीत. अर्ज मात्र दप्तरी राहतात, आणि गरज किती मोठी आहे हे सरकारला त्यांवरूनच दाखवता येईल.