पहिली पोळी गाईची, आणि कॅरीबॅग?

मी बोलतोय सक्करदऱ्यातून. मागे हॉर्न ऐकू येत असतील तर सांभाळून घ्या, आज बुधवार आहे, बाजाराचा दिवस. रस्त्यावर भाजीवाले, ऑटो, आणि मधोमध निवांत बसलेल्या दोन गाई. कोणी हटवत नाही. बाईकवाला वाकडा होऊन जातो, जाता जाता एक हात गाईच्या पाठीला लावतो आणि तोच हात कपाळाला. मीपण लावतो. लहानपणापासूनची सवय आहे.

पण का लावतो? गाय पवित्र कशी झाली? हा प्रश्न मला का पडला, ते शेवटी सांगतो.

सुरुवात वेदांपासून करू. ऋग्वेदात गाईसाठी एक शब्द वारंवार येतो, 'अघ्न्या'. म्हणजे जिला मारू नये ती. सहाव्या मंडलातलं अठ्ठाविसावं सूक्त तर गाईंचंच आहे. त्या लोकांची संपत्तीच गाय होती. आपला 'गोत्र' शब्द मुळात गाईंच्या गोठ्यावरून आला. लढाईला एक शब्द होता 'गविष्टि', त्याचा सरळ अर्थ गाई मिळवायची इच्छा! आपण आज जमिनीसाठी भांडतो, ते गाईंसाठी भांडायचे.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून काही जण रागावतील. पाणिनीच्या व्याकरणात 'गोघ्न' असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ पाहुणा. ज्याच्यासाठी गाय मारली जाते तो. म्हणजे मारू नये असंही आहे आणि पाहुण्यासाठी मारली जायची असंही आहे. हे मी व्हॉट्सॲपवरून उचललेलं नाही. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सगळा पुरावा तपासलाय, आणि काणे स्वतः परंपरेत वाढलेले पंडित. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात याच प्रश्नाला हात घातला. पुढे महाभारताचं अनुशासनपर्व आणि पुराणं येईपर्यंत गाय पूर्ण पूज्य झालेली दिसते. कालिदासाचा दिलीप राजा तर नंदिनीच्या मागे मागे रानात फिरतो, ती बसली की बसतो, ती चालली की चालतो.

माझं मत विचाराल तर, श्रद्धा हळूहळू घडली म्हणून ती खोटी होत नाही. शेतीत बैल लागला, बैलासाठी गाय लागली, दूध घरात आलं, आणि जिच्यावर घर चालतं तिला माणूस माय म्हणायला लागला. आपल्या नागपुरात लहान पोट्टे लाकडाचे बैल घेऊन घरोघर बोजारा मागत फिरतात ना, तो तान्हा पोळा १८०६ साली दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केला असं सांगतात. ह्या सक्करदऱ्यात भोसल्यांचा वाडा आहे, म्हणजे गोष्ट आपल्याच मोहल्ल्यातली झाली.

वसुबारसेला कित्येक घरांत गाईचं दूध-तूप खात नाहीत. माझी आजी म्हणते, "आज वासराचा दिवस हाय, आपला न्हाय." मला ही रीत सगळ्यात जास्त आवडते. पूजा करायची तर आपलं तोंड थोडं आवरायचं.

आता वर्ध्याला चला, इथून दीड-दोन तास. गांधीजींनी दूध सोडलं होतं, कारण गाई-म्हशींकडून जास्त दूध काढायला तेव्हा 'फुका' नावाची क्रूर पद्धत वापरत. पुढे आजारपणात ते बकरीच्या दुधावर आले, पण गाईचं दूध शेवटपर्यंत नाही. १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ सुरू झाला. जमनालाल बजाज, एवढा मोठा उद्योगपती, शेवटचे महिने गोपुरीत गाईंच्या सेवेत राहिला. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. पवनारच्या विनोबांनी एप्रिल १९७९ मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषण केलं. दुसरीकडे सावरकर म्हणत होते, गाय उपयुक्त पशू आहे, तिला देव करू नका. एकाच महाराष्ट्रात दोन्ही. कायद्याचं बोलायचं तर २०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हटलं.

बरं, आता माझी गोष्ट.

आमच्या घरी पहिली पोळी गाईची. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून दोन वर्षं ती पोळी मी नेऊन टाकायचो. कॉलेजला उशीर व्हायचा. पोळी, रात्रीचा भात, भाजीची देठं, सगळं कॅरीबॅगमध्ये भरायचं, गाठ मारायची, कोपऱ्यावर ठेवायचं. मनात म्हणायचं, झालं पुण्य.

गल्लीत एक पांढरी गाय यायची. दिवाळीनंतर ती बसली ती उठेचना. पोट फुगलेलं. मालक डॉक्टर घेऊन आला. डॉक्टरांनी समजावलं, की गाय आधी गिळते, चावते नंतर, रवंथ करताना. पिशवीला अन्नाचा वास लागला की पिशवीसकट आत. प्लास्टिक पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचत जातं, पुढे सरकत नाही. मग जागाच उरत नाही, गाय भरल्या पोटी उपाशी मरते. ऑपरेशन केलं, डाव्या कुशीतून. घमेलंभर लगदा निघाला. त्यात गाठ मारलेल्या पिशव्या होत्या. गाठ तशीच.

माझ्याच होत्या का? माहीत नाही. गल्लीत सगळेच ठेवतात. पण मी तिथं उभा होतो आणि मला माझी गाठ ओळखू आल्यासारखं वाटलं.

गाय वाचली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

आजीला सांगायला दोन दिवस लागले. मला वाटलं रडेल, नाहीतर मला बोलेल. तिनं एवढंच विचारलं, "पोळी हातानं नाही देत होता का रे तू?"

आता मी पंधरा मिनिटं लवकर उठतो. पोळी तळहातावर धरतो. गाईची जीभ एकदम खरखरीत असते, रेतीच्या कागदासारखी, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. सध्या एक तांबडी येते, शिंग मोडलेली. कधीकधी येत नाही, मग मी थांबतो. आज दहा मिनिटं थांबलो, म्हणून रेकॉर्डिंगला उशीर झाला.

चला, भेटू पुढच्या बुधवारी.