आघाडी घेतल्यावरची कुस्ती

मुळशीत कुस्तीवर बोलायचं तर मुठा गावाचं नाव आधी घ्यावं लागतं. मामासाहेब मोहोळ तिथले. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद त्यांनी उभी केली. 1961 पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. तिच्या विजेत्याच्या खांद्यावर चढणारी चांदीची गदा मोहोळ कुटुंबीय त्यांच्याच स्मरणार्थ देतात. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला ती गदा मुठ्याच्याच पृथ्वीराज मोहोळ यांनी जिंकली, तेव्हा तालुक्याची छाती फुगली.

त्या स्पर्धेचा विषय निघाला की लोक वादावरच बोलतात. गादी विभागात शिवराज राक्षे यांचे खांदे टेकले की नाही, यावरून गदारोळ झाला. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड काही सेकंद बाकी असताना गादी सोडून गेले. पंचांचा निवाडा मी इथे करणार नाही. मला बोलायचंय ते शेवटच्या मिनिटाबद्दल, कारण आता मोठ्या कुस्त्या तिथेच ठरतात. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीच्याच अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर यांनी शैलेश शेळके यांना 3-2 असं हरवलं. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एका तालमीत घाम गाळलेले. एकमेकांचा प्रत्येक डाव पाठ असल्यावर गुण निघणार कुठून?

म्हणूनच मिळालेली आघाडी राखत बसायचा मोह होतो. आमच्या तालमीतला एक पोरगा आहे, 74 किलोचा. परवाच्या कुस्तीत पहिल्या फेरीत त्यानं एकेरी पट काढून ताबा घेतला, लगेच भारंदाज लावला. 4-0. तेव्हा उजवा पाय पुढे, टाच किंचित उचललेली, हात समोरच्याच्या मनगटावर. दुसऱ्या फेरीत बघतो तर दोन्ही टाचा गादीला टेकलेल्या, पाय एका रेषेत, नजर घड्याळाकडे. मागे सरकत रेषेबाहेर गेला, एक गुण दिला. पंचांनी निष्क्रियतेची ताकीद दिली, 30 सेकंदांत काही केलं नाही, आणखी एक दिला. 4-2 नं जिंकला.

गावकऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. वडील मला म्हणाले, "वस्ताद, जिंकला ना पोरगा?" जिंकला, हे खरंच. पण ती दुसरी फेरी तो हरलाय आणि ते त्याला कोणीच सांगणार नाही. हरलेल्या पोराला चूक दाखवली तर तो ऐकतो. गुलालानं माखलेल्याला दाखवणं फार अवघड.

आपल्या जत्रांच्या फडात आघाडी जपत बसण्याचा हा रोग नव्हता. तिथं गुण नव्हतेच, चितपट केल्याशिवाय निकाल नाही, त्यामुळे राखायला आघाडीही नव्हती. अर्थात तिथेही तासभर मान धरून बरोबरीत सुटणाऱ्या कुस्त्या कमी नव्हत्या, म्हणून सगळं जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. पाय मागे येतो तो दम संपल्यामुळे, आणि मिळवलेलं जाईल या धास्तीनं. दम वाढवता येतो. धास्तीवर तालमीतच काम करावं लागतं.

सध्या सरावात मी त्याला 4-0 वरच उभा करतो. दर 30 सेकंदांनी समोर ताज्या दमाचा जोडीदार पाठवतो. पोरगा चिडतो, धापा टाकतो, माझ्याकडे रागानं बघतो. पण आघाडीवर असताना तो स्वतःहून पटात घुसल्याशिवाय मी शिट्टी वाजवत नाही.