चाकावरचं घर, पण जागा कुणाची?

कामं आवरून रेडिओपाशी बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल. दोन्ही चालेल. आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहे, अमेरिकेतली. विषय मात्र आपल्या बचतीच्या वहीतलाच आहे.

मागे मी ‘नोमॅडलँड’ नावाचा इंग्रजी सिनेमा पाहिला. २०२१ साली त्याला ऑस्कर मिळालं होतं. त्यात साठीची एक विधवा बाई आहे. गावातला कारखाना बंद पडतो, घर कारखान्याचंच असतं, तेही जातं. मग ती एका व्हॅनमध्ये चूल-अंथरूण मांडते आणि मिळेल त्या कामाला जाते. गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर मी ही गोष्ट सांगितली. आमच्या गटातल्या एक ताई दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्या म्हणाल्या, “म्हणजे आमची कोपीच की ओ ताई. फक्त चाकं लावलेली.” सगळ्या हसल्या. मग त्यांनीच विचारलं, “पण गाडी उभी कुणाच्या जागेत करतात?”

मला सांगता आलं नाही. म्हणून घरी येऊन वाचत बसले. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

अमेरिकेत या गाडीला आरव्ही म्हणतात. आपण घरगाडी म्हणू. आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणी, संडास, सगळं असतं. मुळात ती सुट्टीत फिरायला जाण्यासाठी बनवलेली. पण आज कितीतरी माणसं ती एका जागी उभी करून बारा महिने तिच्यातच राहतात. फिरायची हौस म्हणून नाही, भाडं परवडत नाही म्हणून.

तिथल्या जनगणना खात्याच्या पाहणीत २०२३ साली मधलं घरभाडं, वीज-पाणी धरून, महिन्याला सुमारे १४०० डॉलर निघालं. आणि तिथल्या केंद्र सरकारनं ठरवलेली किमान मजुरी २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरच आहे. कित्येक राज्यांत ती जास्त आहे, पण सगळीकडे नाही. आठवड्याला चाळीस तास राबलं तर महिन्याचे साडेबाराशे डॉलर होतात. म्हणजे महिनाभर राबून घरभाडंसुद्धा निघत नाही. खायचं काय, हा प्रश्न पुढचा. श्रीमंत देश म्हणतात तो हा.

आता आपण गटात मांडतो तसा हिशोब मांडू. आकडे मी समजण्यापुरते धरलेत, जागेप्रमाणे कमीजास्त होतात. समजा एका बाईनं १५,००० डॉलरला जुनी घरगाडी घेतली. ती उभी करायला खास वस्त्या असतात. तिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते, आणि जागेचं भाडं द्यावं लागतं. ते धरा ६०० डॉलर. वीज १२०, गॅस ५०, विमा आणि दुरुस्ती १३०. झाले ९००. खोलीचे १४०० गेले असते, म्हणजे महिन्याला ५०० वाचले. ऐकायला छान वाटतं. पण गाडीचे १५,००० भरून यायलाच तीस महिने लागतात. अडीच वर्षं! त्यानंतर जे वाचेल ती खरी बचत. गाडी कर्जानं घेतली असेल तर आणखी उशीर, कारण घरगाडीच्या कर्जाला साधारणपणे घरकर्जापेक्षा जास्त व्याज पडतं. आणि घराची किंमत चढू शकते, गाडीची उतरतच जाते.

राहणं कसं असतं तेही सांगते, कारण बाईला ते आधी समजायला हवं. रुंदी जेमतेम आठ-साडेआठ फूट. भिंती पातळ. थंडीत पाणी गोठून नळ फुटतात, म्हणून नळीला विजेची उबदार पट्टी गुंडाळतात आणि गाडीखालची पोकळी चारी बाजूंनी फळ्या लावून बंद करतात. आत स्वयंपाक केला, चार माणसांनी श्वास घेतला, की वाफ भिंतींना लागून ओल धरते आणि बुरशी येते. त्यासाठी कडाक्याच्या थंडीतही खिडकी थोडी उघडी ठेवायची. छताच्या सांध्यातून पाणी झिरपलं तर आतलं लाकूड कुजतं, म्हणून वर्षातून एक-दोनदा वर चढून सांधे बघायचे आणि बुजवायचे.

गाडीखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एक अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, दुसरी संडासाची. नव्या माणसाला वाटतं, गटाराची जोडणी दिलीच आहे तर दुसरीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा. तसं केलं की पाणी वाहून जातं आणि घाण आत साचून दगडासारखी होते. म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी भरत येऊ द्यायची, मग एकदम सोडायची, आणि मागून दुसऱ्या टाकीचं पाणी सोडून नळी धुऊन काढायची. हे कामही बाईच करत असेल, असं मला आपलं उगाच वाटलं.

आणखी एक, हे आपल्यालाही लागू आहे. बंद जागेत गॅस किंवा शेगडी पेटवून झोपलं की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. घरगाडीत त्याचा भोंगा बसवलेला असतो. आपल्याकडे थंडीत दार लावून बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात. तिथे कसला भोंगा? दार-खिडकी थोडी उघडी ठेवा.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. गाडी तिची, जागा मालकाची. मालकानं भाडं वाढवलं तर द्यायचं, नाहीतर निघायचं. तुम्ही म्हणाल, चाकं आहेत की. पण वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे टायर वाळून तडकतात, आणि ओढून न्यायला दमदार गाडी लागते, ती हिच्याकडे नसते. शिवाय बऱ्याच वस्त्यांमध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला जागाच देत नाहीत. म्हणजे गाडी म्हातारी झाली की दुसरीकडे दार बंद. भाडेकरूला जे कायद्याचं संरक्षण असतं, ते घरगाडीत राहणाऱ्याला कित्येक राज्यांत पूर्ण मिळत नाही. आणि स्वतःची जमीन घेऊन तिच्यावर गाडी उभी केली तरी पुष्कळ गावांचे नियम तिला कायमचं घर मानत नाहीत.

ज्या पुस्तकावरून तो सिनेमा काढला ते जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचं आहे, २०१७ सालचं. त्यात लिंडा मे नावाच्या एक आजी आहेत. त्या खऱ्याच आहेत, सिनेमातही स्वतःच्याच नावानं दिसतात. साठी ओलांडल्यावर छोट्याशा ट्रेलरमध्ये राहून त्या गोदामात आणि पर्यटकांच्या तळावर काम करत होत्या. इतकं करून त्यांच्या मनात काय होतं? स्वतःची जमीन. शेवटी त्यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात, मेक्सिकोच्या हद्दीजवळ, पाच एकर घेतली. ओसाड, पण स्वतःची.

आणि हे वाचून मी उठून बसले, ते ऐका. अमेरिकेत ट्रेलरच्या मोठ्या वस्त्या आहेत. ही घरं घरगाडीपेक्षा मोठी, कारखान्यात बांधून आणून ठेवलेली. दुखणं मात्र तेच, घर आपलं आणि खालची जागा भाड्याची. न्यू हॅम्पशायर राज्यात मेरेडिथ या गावी अशीच तेरा कुटुंबांची वस्ती होती. १९८४ साली जागा विक्रीला निघाली. त्या तेरा कुटुंबांनी सहकारी संस्था केली, राज्यातल्या एका सामाजिक कर्जनिधीकडून ४२,००० डॉलर कर्ज घेतलं आणि घराखालची जागा संस्थेच्या नावानं विकत घेतली. तेव्हापासून भाडं किती ठेवायचं हे त्यांच्याच बैठकीत ठरू लागलं. आज अमेरिकेत अशा ३०० हून अधिक वस्त्या आहेत. कुणी एकटीनं जाऊन विचारलं असतं तर मालकानं दारातही उभं केलं नसतं. आपल्या गटाला बँकेचं पहिलं कर्ज मिळालं तो दिवस आठवा, मग हे लगेच कळेल.

बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा ऊसतोडीच्या ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “कोपी फडाजवळ, जागा दुसऱ्याची. आणि गावातलं घर सासऱ्याच्या नावावर. मग माझं काय?” चौदा बायका होत्या. मी विचारलं, घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव कुणाकुणाचं आहे? तीन हात वर झाले. त्यातल्या एकीला खात्री नव्हती.

म्हणून एक काम सांगते. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा काढा. त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात, तसा अर्ज द्या आणि पोच घ्या. पण लक्षात ठेवा, नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. ज्या गावठाणांची ड्रोननं मोजणी झाली आहे, तिथे मिळकत पत्रिका मिळते. तिच्यावर कुणाचं नाव चढलंय ते स्वतः वाचा, घरातल्या पुरुषानं सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल विधुर, अविवाहित किंवा विभक्त माणूस सोडला तर बाईच्या किंवा दोघांच्या नावानं द्यायचं असतं. पुष्कळांचं घरकुल जागा नाही म्हणून अडतं. त्यांनी ग्रामपंचायतीत जागा खरेदीच्या अर्थसहाय्याबद्दल विचारावं. एकटीनं जायची भीती वाटत असेल तर चौघी मिळून जा.

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीबरोबर तो उतारा आणा. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवीन. ऊसतोडीच्या ताईंचा आम्ही काढला. त्यांच्या सासऱ्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण अर्ज दिलाय. टोळी निघायच्या आत काय होतं ते बघू.