फास्टर फेणे आणि आपला तारापूरचा किल्ला
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



आज हप्त्याचं नाही, पुस्तकाचं बोलायचंय. "पोरं शाळेचा प्रकल्प मोबाईलवरून उतरवून देतात," असं प्रत्येक गटात ऐकू येतं. उतरवणं म्हणजे शोधणं नव्हे. शोधायला शिकवायचं तर आधी शोधायची ओढ लागली पाहिजे. ती साहसकथेतून लागते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतोय? फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवर सुसाट. तो स्वतः जागेवर जातो, खुणा बघतो, दोन गोष्टी जुळवतो. मुलांनी वाचनालयात हेच करायचं.

कसं? 'प्रतापगडावर फास्टर फेणे' मुलांना वाचून दाखवा. मग विचारा: गड खरा आहे का? कुठे आहे? कधी बांधला? उत्तर तीन ठिकाणी शोधायचं: नकाशा, इतिहासाचं पुस्तक आणि मराठी विश्वकोश. गड सातारा जिल्ह्यात, बांधला १६५६ च्या सुमारास. विश्वकोशात नोंदी अकारविल्हे असतात, त्यामुळे मुळाक्षरांचा क्रमही पक्का होतो. पुस्तकात पुढे अनुक्रमणिका, काहींत शेवटी सूची. ती बघितली की अख्खं पुस्तक चाळावं लागत नाही. वहीत पुस्तकाचं नाव, लेखक, पान लिहायचं.

मग आपल्या दारातला किल्ला घ्या. तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. मुलांनी हे पुस्तकात शोधावं, गावातल्या म्हाताऱ्यांनाही विचारावं. वहीत दोन रकाने: 'वाचलेलं' आणि 'ऐकलेलं'.

ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांनी एवढंच विचारायचं: "हे कुठे लिहिलंय? पान दाखव." पोरानं पान उघडून, बोट ठेवून वाचून दाखवलं पाहिजे.

हे शाळेपुरतं नाही बरं का. "बोईसरच्या कंपनीत नोकरी लावतो, आधी पैसे भरा", "कर्ज मंजूर झालंय, ओटीपी सांगा", असे फोन आपल्यालाच येतात. 'कुणी सांगितलं, कुठे लिहिलंय' विचारायची सवय असलेली मुलगी घरातली बचत वाचवते.

तर या महिन्यात प्रत्येक ग्रामसंघानं पाच मुलं जवळच्या सार्वजनिक वाचनालयात न्यायची. त्यात निम्म्याहून जास्त मुली हव्यात. पुढच्या बैठकीला गटाच्या हिशेबाच्या वहीसोबत त्यांच्याही वह्या आणा.