जळमट नव्हे, शिंजिराचं घरटं

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या पाडव्याच्या आधी आमच्यातल्या एकीनं पडवी झाडायला काढली. तारेला लोंबणारा कचऱ्याचा गोळा जळमट समजून झाडूनं पाडला. आत दोन अंडी होती, ती फुटली. एक चिमुकली पाखरी दिवसभर त्या तारेभोवती घिरट्या घालत राहिली. आम्हा कुणालाच त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ते होतं शिंजिराचं घरटं. मोबाइलवर बघून पोरं याला हमिंगबर्ड म्हणतात. पण तो पक्षी फक्त अमेरिकेकडचा. तिकडच्या अँडीज पर्वतात तर एका जातीची चोच बाकीच्या अंगापेक्षा लांब असते! तो हवेत एका जागी थांबून मध पितो, मागंही उडतो. आपला शिंजीर बहुतेक वेळा फांदीला धरून मध पितो. दोघांचं कूळ वेगळं, पण खाणं सारखं, म्हणून चोचही तशीच बारीक.

जांभळा शिंजीर जेमतेम १० सेंटिमीटरचा. विणीच्या दिवसांत नर लांबून काळा दिसतो, ऊन पडलं की जांभळा-निळा चमकतो. मादी वरून मातकट, पोटाशी पिवळी. वीण सरली की नरही जवळपास मादीसारखाच दिसतो, फक्त गळ्यापासून छातीपर्यंत काळी रेघ राहते.

पळस, रुई, जास्वंद, डाळिंब फुललं की हा येणारच. पिल्लांना मात्र किडे आणि कोळी भरवतो. म्हणून फुललेल्या झाडांवर औषध फवारताना हात आखडता घ्या.

घरटं बांधते मादी. गवत, सालीचे तुकडे, पालापाचोळा कोळ्याच्या जाळ्यानं विणते. अंडीही तीच उबवते, साधारण १५ दिवस. मग पिल्लांना भरवायला नर मदतीला येतो.

तर बायांनो, उन्हाळ्यात झाडू उचलण्याआधी वर बघा. गोळ्याच्या बाजूला भोक आणि त्यावर छोटंसं छप्पर दिसलं, तर ते घर आहे. तिथं महिनाभर झाडू नको. बांधावरची बोरी-बाभळीही सरसकट तोडू नका, तिथंही ही घरं लोंबतात.

आमच्या पडवीतली ती तार आम्ही काढलेली नाही. यंदा तिच्यावर पुन्हा गवताच्या काड्या दिसायला लागल्यात.