उकळल्याने जात नाही
(महिला मंडळाच्या मेळाव्यातील भाषण)



"पाणी उकळून प्या" असे मी पंधरा वर्षे गावोगाव सांगत आले. त्याने जुलाब, कावीळ कमी झाली, हे खरेच. पण कोरचीहून हद्द ओलांडून पुढे, छत्तीसगडातील आंबागढ चौकी भागात कौडीकसा गाव आहे. तिथे एका गोंड आजीने तळहात माझ्यापुढे धरले. कातडी जाड, खडबडीत, दाणे आलेली. "ताई, तुम्ही सांगता तसंच उकळून पितो. मग हे काय?"

मला उत्तर देता आले नाही.

तिथल्या विहिरी व हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल आहे, हे १९९९ सालीच प्रसिद्ध झाले होते. मी वाचले नव्हते. तो कुणा कारखान्याचा नाही, तिथल्या पुरातन खडकातलाच आहे. उकळल्याने जंतू मरतात; सोमल जात नाही, उलट पाणी आटले की दाट होतो.

शिवाय तो एका जागी राहत नाही. खडक झिजला की मातीतल्या लोखंडाच्या गंजाला चिकटतो. जमिनीत हवा पोचत नाही तिथे गंज विरघळतो आणि सोमल पाण्यात उतरतो. ते पाणी पंपाने वर आले, हवा लागली, की पुन्हा गंज धरतो आणि सोमल त्याच्यासोबत नाल्याच्या, तळ्याच्या गाळात बसतो. वरचे पाणी नितळ दिसते. पण गाळ कुजून तळाची हवा संपली की तो परत सुटतो. असा गाळ शेतात टाकला आणि भातासाठी पाणी साचवले, तरी तेच.

मारा येथील पाणी कडू होते, म्हणून इस्राएल लोकांना लगेच कळले. पाण्यातल्या सोमलाला ना चव, ना वास, ना रंग. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, ती जिभेला कशी कळणार?

आपण बोअरवेलसाठी उदार हाताने देता. पाटीवर मंडळीचे नाव लागते, मलाही ते आवडते. माझी मागणी एवढीच: त्याच पैशात तपासणीचे पैसे धरा. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर. दोष निघाला तर पंपाला लाल रंग द्या, पाटीवर आपले नाव असले तरी. आणि पिण्यासाठी दुसरे पाणी मिळेपर्यंत त्या गावाचा हात सोडू नका.

पुढच्या महिन्यात मी त्या आजीकडे जाणार आहे. या वेळी नमुन्याच्या बाटल्या घेऊन.